नागरी भिक्षुणी-उपाश्रयाचा जीर्णोद्धार : एक चिकित्सा
(गोवंडीच्या विशेष संदर्भात)

प्रास्ताविक

मुंबईच्या पूर्व उपनगरांतील गोवंडी, देवनार, मानखुर्द या पट्ट्यात बौद्ध वस्ती जेथे जेथे आहे तेथे तेथे विहार आहे. पत्र्याच्या छपराची किंवा पुढे कधीतरी स्लॅब पडलेली एक खोली, समोर बुद्धमूर्ती, शेजारी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची प्रतिमा, बाहेर पंचशील ध्वज, एवढाच या वास्तूचा पसारा असतो. सकाळी तेथे बालवाडी भरते, संध्याकाळी दहावी-बारावीची मुले अभ्यासाला बसतात, रविवारी वंदना होते. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाच्या काळात, 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. या वाचनाला बसणाऱ्यांत स्त्रियांची संख्या नेहमीच अधिक असते, हे अशा वस्तीत एकदा जाऊन आलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. झाडलोट, पूजेची मांडणी, खीरदानाची तयारी आणि वर्गणी ही कामे महिला मंडळाकडे असतात. मात्र वस्तीतील विहाराच्या रचनेत भिक्षुणीच्या निवासाची जागा सहसा धरलेली नसते. ही उणीव जागेच्या टंचाईची आहे की विचाराची, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाकडे वळण्यासाठी एका दूरच्या वास्तूचा आधार घ्यावा लागतो, कारण जीर्णोद्धार झालेला नागरी भिक्षुणी-विहार म्हणून दाखविता येईल अशी वास्तू महाराष्ट्रात नाही. हाँगकाँगच्या काऊलून भागातील 'ची लिन' हा भिक्षुणी-विहार तसा आहे. तुलना केवळ वास्तूंची नाही. ची लिन ज्या डायमंड हिल परिसरात आहे, तो परिसर अर्धशतकभर हाँगकाँगची गोवंडी होता, असे म्हटल्यास फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

ची लिन : बंगला ते राजवंशकालीन प्रासाद

ची लिन विहाराची स्थापना १९३४ साली झाली. शहराच्या तत्कालीन सीमेबाहेर एका श्रीमंत व्यापाऱ्याचा खासगी बंगला होता. त्याचेच रूपांतर भिक्षुणींच्या निवासात करण्यात आले. १९४९ नंतर चीनच्या मुख्य भूमीवरून निर्वासितांचे लोंढे हाँगकाँगमध्ये आले. डायमंड हिलच्या पायथ्याशी ताय होम या नावाची झोपड्यांची दाट वस्ती उभी राहिली. भिक्षुणींनी त्या काळात गरीब मुलांसाठी शाळा चालविली, अनाथ मुलींना आसरा दिला, निराधार वृद्धांसाठी निवासाची सोय केली. या काळातील विहाराला वास्तू म्हणून काही सौंदर्य होते असे कोणी म्हणणार नाही. गरज पडेल तशी वाढविलेली ती घरे होती.

१९९० च्या दशकात हा विहार संपूर्णपणे नव्याने बांधण्यात आला आणि १९९८ साली तो पुन्हा खुला झाला. नवे रूप तांग राजवंशाच्या (इ.स. ६१८–९०७) स्थापत्यशैलीत आहे. वू-ताय पर्वतावरील फोग्वांग मंदिराचे इ.स. ८५७ मधील पूर्व दालन हा तांगकालीन काष्ठस्थापत्याचा जो मोजका पुरावा आजही उभा आहे, त्याचा आदर्श येथे समोर ठेवला गेला. लोखंडी खिळ्यांचा आधार न घेता लाकडाच्या खाचा आणि कूस यांच्या सांध्यांवर सारी रचना तोलली आहे. कारागिरीच्या दृष्टीने हे काम थक्क करणारे आहे आणि त्याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. हरवलेली एक सुतारी विद्या या निमित्ताने पुन्हा हाताळली गेली, हे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

पाहुणा मेट्रोच्या डायमंड हिल स्थानकातून बाहेर येतो तो प्रथम प्लाझा हॉलिवूड नावाच्या बाजारसंकुलापाशी. तेथून काही मिनिटांच्या अंतरावर विहाराचे महाद्वार आहे. आत कमलपुष्करिणी, कापून-छाटून आकार दिलेली झाडे, त्यापलीकडे दिक्पाल राजांचे दालन आणि त्याही पलीकडे मुख्य दालन. मागे पाहिले की तीस-चाळीस मजली निवासी मनोरे छपरांच्या रेषेवर उभे राहिलेले दिसतात. दालनांच्या आत छायाचित्रे काढण्यास मनाई आहे. भिक्षुणींच्या राहण्याचा भाग पाहुण्यांसाठी खुला नाही. हे योग्यच आहे. तथापि त्याचा एक परिणाम असा होतो की, भिक्षुणी-विहार पाहून परतणारा पाहुणा एकही भिक्षुणी न पाहता परतू शकतो.

मुख्य दालनात शाक्यमुनी बुद्धांच्या दोन्ही बाजूंना दोन शिष्य उभे आहेत : महाकाश्यप आणि आनंद. चिनी मंदिरांत ही मांडणी रूढच आहे आणि ची लिनमध्ये ती रूढीनुसारच आली असावी. पण भिक्षुणींच्या विहारात ती पाहताना विनयपिटकाची आठवण झाल्याखेरीज राहत नाही. स्त्रियांना संघात प्रवेश मिळावा म्हणून महाप्रजापती गौतमीच्या बाजूने रदबदली केली ती आनंदाने. बुद्धांच्या परिनिर्वाणानंतर राजगृहाच्या संगीतीत, महाकाश्यपांच्या अध्यक्षतेखाली, स्थविरांनी आनंदावर जे दोष ठेवले त्यांत हा एक दोष होता. आनंदाने आपला दोष आहे असे वाटत नाही असे सांगून, केवळ स्थविरांवरील श्रद्धेपोटी तो मान्य केला. आरोप ठेवणाऱ्या सभेचा अध्यक्ष आणि आरोपी, दोघेही स्त्रियांच्या विहारात बुद्धाशेजारी समोरासमोर उभे आहेत. जीर्णोद्धाराच्या आराखड्यात हा तपशील विचारपूर्वक योजला गेला असता, तर ती या वास्तूतील सर्वांत बोलकी जागा ठरली असती. तसे काही तेथे सुचविलेले नाही.

येथेच चिकित्सेचा मुख्य मुद्दा येतो. 'जीर्णोद्धार' या शब्दात जीर्ण झालेल्याचा उद्धार अपेक्षित असतो. ची लिनमध्ये जे जीर्ण झाले होते ते १९३४ चे घर आणि त्याभोवती वाढलेले शाळा-आश्रमांचे बांधकाम. जे उभे राहिले ते तेराशे वर्षांपूर्वीच्या राजाश्रयी मंदिराचे प्रतिरूप. या जागेवर तसे मंदिर कधीच नव्हते. म्हणजे येथे एका संस्थेला तिचा स्वतःचा भूतकाळ परत मिळालेला नाही. अधिक देखणा असा दुसऱ्याचा भूतकाळ तिला मिळाला. दरम्यान २००१ साली ताय होमची वस्ती हटविण्यात आली. २००६ मध्ये विहारासमोर नान लियान हे तांग शैलीतीलच विस्तीर्ण उद्यान लोकांसाठी खुले झाले. वृद्धांच्या सेवेचे विहाराचे काम आजही चालू आहे, हे नमूद करणे न्यायाचे होईल. परंतु ज्या शेजारासाठी विहार होता, तो शेजार विहाराच्या दारातून गेला आणि त्याची जागा पर्यटकाने घेतली. या दोन घटनांत कार्यकारणसंबंध जोडणे अन्यायाचे ठरेल. वस्ती सरकारने हटविली, भिक्षुणींनी नव्हे. तरीही नागरी भिक्षुणी-विहाराच्या संदर्भात वास्तू उजळणे आणि शेजार मावळणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरता येत नाहीत. का, हे विनयग्रंथच सांगतात.

अरण्य भिक्षूंचे, नगर भिक्षुणींचे

चुल्लवग्गाच्या दहाव्या खंधकात भिक्षुणींनी अरण्यात राहू नये असा नियम आहे. अरण्यात राहणाऱ्या भिक्षुणींवर अत्याचार झाल्यामुळे तो करण्यात आला, असे कारण तेथेच दिलेले आहे. त्यालगतचा प्रसंग अभ्यासकांनी जितका लक्षात घ्यायला हवा होता तितका घेतलेला दिसत नाही. एका उपासकाने भिक्षुणीसंघाला 'उद्दोसित' म्हणजे माल साठविण्याची वखार राहण्यासाठी दिली. बुद्धांनी ती घेण्यास अनुमती दिली. वखार अपुरी पडली तेव्हा उपाश्रयाला अनुमती मिळाली. तोही अपुरा पडला तेव्हा नव्या बांधकामाला. भिक्षुणी-विहाराचा जन्म असा गावात, गृहस्थाच्या वखारीत झाला. तो शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभा राहिला. काऊलूनमधील १९३४ चा बंगला या परंपरेला १९९८ च्या प्रासादापेक्षा अधिक जवळचा होता, असे म्हणावे लागते.

महाराष्ट्रातील शिलालेख या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगे आहेत. जुन्नर येथील एका लेखात गिरिभूति नावाच्या दात्याने लेणे आणि पोढी दिल्याचे नोंदविताना नगरातील धम्मुत्तरिय निकायाच्या भिक्षुणी-उपाश्रयाचा उल्लेख केला आहे. 'नगरे' हा शब्द महत्त्वाचा आहे. डोंगरात लेणी कोरली जात असताना भिक्षुणींचे घर खाली गावात होते आणि ते कोठे आहे हे सर्वांना ठाऊक होते. महाराष्ट्रातील नागरी भिक्षुणी-विहाराचा याहून स्पष्ट दाखला शोधण्याची गरज नाही.

लेण्यांतही भिक्षुणी भेटतात, पण दात्या म्हणून. कुडे येथे पदुमणिका या प्रव्रजितेने लेणे दिले. तिची आई नागणिका हीदेखील प्रव्रजिताच. दानात तिच्या बोधी आणि असाळ्हमिता या शिष्यिणी सहभागी आहेत. आई, मुलगी आणि शिष्यिणी अशी तीन पिढ्यांची स्त्रियांची परंपरा एका ओळीत कोरलेली आहे. नाशिकच्या लेण्यांत तापसिनी या प्रव्रजितेचे दान आहे, कार्ल्यात भिक्षुणींनी दिलेल्या वेदिका आहेत. मुंबईच्या सीमेत, बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांत, सपा या प्रव्रजितेचा लेख आहे. ती धेनुकाकटच्या उपासकाची मुलगी आणि स्थविर बोधिकाची शिष्या. तिने लेणे आणि पोढी चारी दिशांच्या भिक्षुसंघाला, भद्रायणीयांना दिली. दान करणारी भिक्षुणी, घेणारा भिक्षुसंघ. तिचे स्वतःचे निवासस्थान त्या डोंगरात शोधणे ही दिशाच चुकीची असावी.

शोभना गोखले यांनी कान्हेरीच्या लेखांचा जो संग्रह १९९१ साली पुण्याहून प्रसिद्ध केला, त्यामुळे हे साहित्य अभ्यासकांच्या हाती सुलभपणे आले. त्यापूर्वी बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी १८८१ सालीच पश्चिम भारतातील लेण्यांचे लेख एकत्र केले होते. तरीही मराठीतील लेणीविषयक लेखनात या स्त्रिया बहुधा 'दात्यांचा सामाजिक स्तर' या शीर्षकाखाली व्यापारी, सुतार, माळी यांच्या रांगेत येतात आणि पुढच्या परिच्छेदात व्यापारी मार्गांची चर्चा सुरू होते. दानाची नोंद अर्थव्यवस्थेचा पुरावा ठरते. दान देणारी भिक्षुणी कोठे राहत होती, तिचे अन्न कोणाच्या दारातून येत होते, हा प्रश्न विचारला जात नाही. त्याचे एक सरळ कारण साधनांत आहे. दगड टिकतो. गावातील लाकूड-विटांचा उपाश्रय टिकत नाही. दगडाच्या आधारे लिहिलेल्या संघाच्या इतिहासात भिक्षूंचे पारडे आपोआप जड होते, आणि दगडाच्या आधारे केलेल्या संवर्धनातही तेच घडते. पुरातत्त्व खात्याने लेणी जपली म्हणजे भिक्षूंचे घर जपले. भिक्षुणींचे घर जपण्यासाठी त्या खात्याच्या हाती काही नाही.

दोन मराठी वाचने

दगडात जे नाही ते ग्रंथात शोधण्याचा प्रयत्न ज्या दोघांनी केला, त्यांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात भिक्षुणींवर लादलेल्या आठ गुरुधर्मांची चिकित्सा केली. त्यांचा युक्तिवाद विनयाच्या पद्धतीवर आधारलेला आहे. विनयातील नियम हा दोष घडल्यानंतर केला जातो. येथे मात्र संघ अस्तित्वात येण्यापूर्वीच आठ नियम सांगितलेले दिसतात. तेव्हा ते मागाहून रचले गेले, असा त्यांचा निष्कर्ष होता. डॉ. आंबेडकरांनी १९५१ साली महाबोधी सोसायटीच्या मासिकात हिंदू स्त्रीच्या उन्नती-अवनतीवर जो इंग्रजी लेख लिहिला, त्यात स्त्रियांविषयी आनंदाशी झालेला महापरिनिब्बानसुत्तातील कुप्रसिद्ध संवाद प्रक्षिप्त ठरविला. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये स्त्रियांच्या धम्मदीक्षेला स्वतंत्र भाग दिलेला आहे आणि त्यात महाप्रजापती, यशोधरा यांच्यानंतर प्रकृती या चांडालकन्येची कथा येते. राजवाड्यातील स्त्री आणि चांडालकन्या एकाच दारातून आत येतात, ही मांडणी ग्रंथकर्त्याने हेतुपुरस्सर केली आहे यात शंका नाही.

दोघांचे निष्कर्ष एकमेकांना पूरक असले तरी त्यांत फरक आहे. कोसंबींचे लक्ष नियमाच्या प्रामाण्यावर आहे, आंबेडकरांचे प्रवेशाच्या अधिकारावर. प्रवेश मिळाल्यावर ती स्त्री राहणार कोठे, हा प्रश्न दोघांच्याही विवेचनाच्या कक्षेत येत नाही. कोसंबींनी १९३७ च्या सुमारास परळच्या गिरणगावात श्रमिकांसाठी बहुजन विहार उभा केला. विहाराची जागा डोंगर नसून कामगारवस्ती आहे, ही दृष्टी त्यात निश्चित होती. तीच दृष्टी भिक्षुणींच्या बाबतीत पुढे नेणारी संस्था मात्र मुंबईत रूढ झाली नाही.

दरम्यान मूळ अडचण वेगळीच होऊन बसली होती. स्थविरवादी परंपरेत श्रीलंकेतील भिक्षुणीसंघ अकराव्या शतकाच्या सुमारास लोपला. उपसंपदेसाठी भिक्षुणीसंघ हवा आणि भिक्षुणीसंघ नसल्याने उपसंपदा नाही, असे हे कोडे शतकानुशतके राहिले. ते सुटले ते चीनच्या बाजूने. इ.स. ४३० च्या सुमारास सिंहलद्वीपातील भिक्षुणी समुद्रमार्गे नानजिंगला गेल्या होत्या आणि त्यांच्या उपस्थितीत तेथील स्त्रियांची उपसंपदा झाली होती. ती परंपरा पूर्व आशियात अखंड राहिली. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सारनाथ येथे कोरियन संघाच्या साहाय्याने श्रीलंकेतील दहा स्त्रियांची उपसंपदा झाली. १९९८ च्या फेब्रुवारीत बोधगयेत फो ग्वांग शान या तैवानी संस्थेने मोठा आंतरराष्ट्रीय उपसंपदाविधी केला. त्याच वर्षी श्रीलंकेतील दम्बुल्ला येथे विधी सुरू झाले. ची लिनची लाकडी दालने खुली झाली तेही हेच वर्ष. एका ठिकाणी वास्तूचा जीर्णोद्धार झाला, दुसरीकडे संघाचा. पाहणाऱ्यांची गर्दी पहिल्या ठिकाणी होते. दुसऱ्याला अनेक स्थविरवादी भिक्षूंची मान्यता आजही नाही.

गोवंडी

देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची. १९७० च्या दशकात शहराच्या इतर भागांतून हटविलेल्या झोपडीवासीयांना शिवाजीनगर, बैंगनवाडी येथे लहान भूखंड देऊन बसविण्यात आले. १९७६ मध्ये जनता कॉलनीतील लोकांना चीता कॅम्पला हलविले गेले. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग शहरात सर्वांत खालच्या क्रमांकावर होता. त्याच विभागात टाटा समाजविज्ञान संस्थेचे आवार १९५४ पासून आहे, आणि आसपासच्या महाविद्यालयांत या वस्त्यांतील मुली पहिल्या पिढीच्या पदवीधर म्हणून शिकत आल्या आहेत. ताय होम हटविले गेले. गोवंडी अद्याप आहे. चुल्लवग्गातील वखारीला जो शेजार हवा तो येथे पुरेसा आहे.

नाही ते एवढेच की, भिक्षुणीला या शेजारात राहण्याची रीत नाही. आंबेडकरी बौद्ध समाजात भिक्षुसंघच लहान, भिक्षुणींची संख्या त्याहून लहान. त्यामागे एक वैचारिक कारणही आहे. धर्मांतराच्या चळवळीने शिक्षण, नोकरी आणि संसार यांना प्रतिष्ठा दिली. ज्या स्त्रियांना पिढ्यानपिढ्या स्वतःचे घर नव्हते त्यांना घराचा त्याग आकर्षक वाटावा, ही अपेक्षाच विचित्र. हा आक्षेप गंभीर आहे आणि भिक्षुणीसंघाच्या पुनरुज्जीवनाविषयी उत्साहाने लिहिणाऱ्यांनी तो टाळता कामा नये. मात्र पदुमणिकेचे उदाहरण या आक्षेपाला काहीसे छेद देते. तिच्याकडे दान देण्याइतके द्रव्य होते, आई होती, शिष्यिणी होत्या. प्रव्रज्येने ती एकाकी झालेली दिसत नाही. वस्तीतील ज्या मुलीला शिकायचे आहे आणि लग्न करायचे नाही, तिच्यासमोर आज असा सन्मान्य, शेजाऱ्यांनी मान्य केलेला, स्त्रियांच्या सहवासाचा तिसरा मार्ग नाही. अविवाहित राहणे तिला घरच्यांशी भांडूनच शक्य होते.

प्रश्न शेवटी निर्वाहाचा आहे. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवलेल्या तीन हजार कार्षापणांचा हिशेब आहे : दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, एक हजारावर शेकडा पाऊण. पहिल्याच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. संघ श्रद्धेवर जगत होता तसा व्याजावरही जगत होता, आणि मुद्दल सांभाळणारे गावातील कारागीर होते. गोवंडीतील महिला मंडळांच्या भिशीचा आणि बचतगटांच्या वह्यांचा हिशेब ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही पद्धत परकी वाटणार नाही.

जागेचे म्हणाल तर झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत बालवाडी, कल्याणकेंद्र आणि सोसायटीचे कार्यालय यांची तरतूद असते. या विभागातील वस्त्या एकामागून एक या योजनेखाली येत आहेत. त्या नकाशांवर वस्तीतल्या लोकांच्या सह्या होतात तेव्हा विहारासाठी जागा मागितली जाते, मूर्ती कोठे बसवायची याची चर्चा होते. विहाराला लागून न्हाणीघर असलेली आणखी एक खोली हवी, ही मागणी महिला मंडळाकडून यावी लागेल. ती मागण्यासाठी चुल्लवग्गाचा आधार त्यांच्याजवळ आहे, आणि तो त्यांना सांगण्याचे काम ज्यांनी पाली आणि इतिहास शिकविण्याचा व्यवसाय पत्करला आहे त्यांचे आहे.